अर्धी नळी फेकून देणारी लॅब

कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून चालत पाच-सात मिनिटं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर ही लॅब. नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर तिथले रक्त घेणारे दादा म्हणाले, "नगं वैनी, हायत तेवढी पेशंटंच आवरंनात." तेव्हा झेरॉक्सच्या खुणेवर भागवा.

आमच्या घरातलं रक्त गेली काही वर्षं तिथंच जातं. सासूबाईंची साखर, माझा थायरॉइड, सगळं. पण साखर कुठलीही लॅब मोजते, तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. मला सांगायचंय ते रक्त गोठण्याच्या तपासण्यांबद्दल. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), डी-डायमर (गाठ विरघळताना रक्तात पडणारे तुकडे), प्लेटलेट (रक्त धरायला लावणाऱ्या बारीक पेशी). कोरोनात नवऱ्यामुळं आणि पुढं डेंग्यूत पोरामुळं या तिन्हींशी चांगलीच ओळख झाली, आणि एक गोष्ट पक्की कळली: या तपासण्या मशिनवर जेवढ्या बिघडत नाहीत, तेवढ्या सुई टोचताना बिघडतात.

आमचा डंक आहे, म्हणजे चटणी-मसाला कांडायची गिरणी, मंगळवार पेठेत. मार्च ते मे आमचा सीझन, कोल्हापूरची वर्षाची चटणी याच दिवसांत कांडून होते. २०२१ ला सलग दुसऱ्या वर्षी ऐन सीझनला डंकाला कुलूप लागलं. बाकी ठिकाणची लाट ओसरत आली तरी आमच्याकडं आकडे खाली यायला तयार नव्हते. मेच्या मध्यावर आमच्या ह्यांना ताप आला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन ८८ वर आला, आणि धाकट्या दिरांनी रात्रभर फोन फिरवून एका खासगी हॉस्पिटलात बेड मिळवला.

आठव्या दिवशी तब्येत सुधारली होती. ताप नाही, ऑक्सिजन कमी करत आणलेला, फोनवर मला म्हणाले, "उद्या दहीभात पाठव, इथलं गिळवंना." दुसऱ्या दिवशी पहाटे एकदम दम लागला. नाडी १३०. डावी पोटरी टम्म. पहिल्या दिवशी डी-डायमर ०.८ होता, तो ३.२ आला. पायाची डॉप्लर (शिरांतलं रक्त वाहतंय का बघायची सोनोग्राफी) झाली, छातीचा सीटी झाला. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, आणि तिचाच तुकडा सुटून उजव्या फुफ्फुसाच्या एका फांदीत जाऊन बसलेला.

व्हायरस फुफ्फुसात आणि गाठ पायात, हे माझ्या डोक्यात बसेना. डॉक्टर पीपीई किटमध्ये, चेहरा दिसत नाही, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी सांगितलं ते असं. रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, मुरलेल्या तव्यासारखं, काही चिकटू देत नाही. आजार जोरात असला की ते अस्तर सुजतं, खरवडल्यासारखं होतं, मग तिथं रक्त धरायला लागतं. त्यात शरीर लढाईच्या पवित्र्यात असतं, लिव्हर रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त तयार करत असतं. आणि त्यात माणूस नऊ दिवस आडवा. तिन्ही एकदम जुळलं की गाठ व्हायला वेळ लागत नाही. मोठी गाठ सीटीत दिसते, पण फुफ्फुसाच्या केसाएवढ्या वाहिन्यांत बारीक बारीक गुठळ्या होतात त्या दिसतही नाहीत, नुसता ऑक्सिजन उतरतो. आणि प्लेटलेट? त्या या आजारात बहुतेकांच्या फारशा उतरत नाहीत. त्यामुळं साधा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) बघून कुणाला वाटावं, सगळं ठीक आहे.

मग पोटावर हेपरिनची इंजेक्शनं. आधी गाठ होऊ नये म्हणून दिवसाला एक ४० चं चालूच होतं. गाठ सापडल्यावर वजनाच्या हिशोबानं ६० चं, सकाळ-संध्याकाळ. पोट भाजलेल्या वांग्यासारखं काळंनिळं झालं. हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात हे मला पुढं कळलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, माळकरी आहेत, आणि त्यांना मोबाईल वाचता येत नाही हे माझं नशीब.

घरी सोडलं ते जूनमध्ये. सोडताना डॉक्टरांनी रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, गोळीचा जोर चढायला दिवस लागतात, तोवर इंजेक्शन बंद करायचं नाही. आयएनआर दोनच्या वर गेला आणि तिथं टिकला की मगच इंजेक्शन थांबेल. दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. कमी झाला तर परत गाठ, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी रक्त. आणि इथूनच लॅबची गोष्ट सुरू होते.

पहिल्यांदा आम्ही एका मोठ्या साखळीच्या लॅबला फोन केला. घरी येतात, पीडीएफ मोबाईलवर. पहिला आयएनआर १.४ आला. दोन दिवसांनी परत मुलगा आला, बिचारा घामाघूम, अजून पाच घरं बाकी होती त्याची. ह्यांच्या हाताच्या शिरा तोवर दबून गेलेल्या. निळ्या झाकणाची नळी निम्मी भरली आणि रक्त यायचं थांबलं. "चालतंय काकी, एवढं बास होतंय," म्हणून तो गेला. मलाही बरंच वाटलं, परत टोचलं नाही म्हणून. संध्याकाळी रिपोर्ट: २.६.

मी आनंदानं डॉक्टरांना फोन केला, इंजेक्शन बंद करू का? ते क्षणभर गप्प. म्हणाले, "गोळी तीच, दोन दिवसांत १.४ चा २.६? मला पटत नाही. आज दुसरीकडं करून घ्या. इंजेक्शन सोडू नका."

दिरांनी या लॅबचं नाव काढलं. रिक्षातून ह्यांना नेलं, जिना चढवला (त्या जिन्याबद्दल पुढं बोलणार आहे). दादांनी दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली, सुई घातली. निळ्या नळीत रक्त आलं, निम्म्यावर आलं, आणि थांबलं. तेच. दादांनी नळी काढली, खिडकीकडं धरली, नळीवरच्या खुणेशी डोळा लावला. आणि सरळ लाल डब्यात टाकून दिली.

मी ओरडलेच. "अहो, एवढं रक्त वाया घालवलं? हात बघा की त्यांचा!"

"वैनी, ही नळी चालत न्हाई. दुसऱ्या हाताला बघतो. पैसं एकदाच लागतील."

दुसऱ्या हाताला कोमट पाण्याचा रुमाल दोन मिनिटं शेकला, मूठ न आवळता हात खाली सोडायला लावला, मनगटाच्या वरची एक शीर शोधली. नळी खुणेपर्यंत भरली. हलक्या हातानं तीन-चार वेळा उलटीपालटी केली, हलवली नाही. आयएनआर आला १.७.

म्हणजे त्या २.६ वर विसंबून मी इंजेक्शन बंद केलं असतं, आणि फुफ्फुसात ताजी गाठ असलेला माणूस कमी औषधावर राहिला असता. त्यानंतर दोनच्या वर टिकायला आणखी चार दिवस लागले.

हे कसं झालं ते मी दादांना विचारलं. त्यांनी रिकामी निळी नळी हातात दिली. तळाला थेंबभर पाण्यासारखं काहीतरी. ते सायट्रेट. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, आणि सायट्रेट ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून नळीत रक्त पातळ राहतं. लॅबमध्ये मग मोजून कॅल्शियम परत घालायचं, सोबत गोठवणारं रसायन घालायचं, आणि किती सेकंदांत गोठतं ते बघायचं. आता या नळीत सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग, असं माप ठरलेलं. तीन मिलीची नळी असेल तर ०.३ सायट्रेट, २.७ रक्त. रक्त निम्मंच घेतलं तर सायट्रेट दुप्पट पडलं की! घातलेलं कॅल्शियमही ते जादाचं सायट्रेट खाऊन टाकतं, रक्त गोठायला उशीर लागतो, आणि कागदावर दिसतं की औषध छान लागू पडलंय.

मला हे पुस्तकातून कळलं नसतं, पण डंकावर बसणाऱ्या बाईला लगेच कळलं. किलोभर मिरचीचं मीठ काढून ठेवलंय, आणि गिऱ्हाइकानं पिशवीत आणली अर्धा किलो मिरची. मीठ तेवढंच घातलं तर ती चटणी कुणाच्या घशाखाली उतरेल? गिऱ्हाईक शिव्या मिरचीला देणार नाही, मला देणार. रिपोर्टचं दुखणं हे की तो खारट लागत नाही. १.७ काय आणि २.६ काय, दोन्ही आकडे सारखेच छापलेले.

तेव्हापासून सहा महिने आयएनआरला आम्ही तिथंच गेलो. आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. त्या काळात दादांनी एकूण तीन नळ्या फेकल्या. एकदा तर नळी भरलेली होती, पण सुई टोचल्यावर शीर सापडायला फार वेळ लागला होता, रक्त थेंबाथेंबानं आलं होतं. म्हणाले, आत बारीक गुठळी धरली असंल, ह्याचा भरवसा न्हाई. जांभळी नळी (पेशी मोजायची) लागत असेल तर निळीच्या नंतरच घेतात, जांभळीतलं रसायन चुकून निळीत गेलं तरी आकडा बिघडतो म्हणून. हे सगळं आता मी दुसऱ्या लॅबमध्ये गेले की बघत बसते. लोकांना वाटतं बाई चिकित्सक आहे. आहेच.

डी-डायमरचा गोंधळ वेगळा. सोडताना हॉस्पिटलचा आकडा १.६ होता. दहा दिवसांनी त्या साखळी लॅबनं काढलेला रिपोर्ट रात्री साडेदहाला मोबाईलवर आला: ६४०. लाल अक्षरात. मी रात्रभर बसून काढली. १.६ चे ६४०! ह्यांना उठवून विचारलं, दम लागतोय का? "तू झोपू दिलंस तर न्हाई लागणार," म्हणाले. सकाळी दोन्ही कागद घेऊन लॅबच्या दारात.

त्या दिवशी मॅडम होत्या, पॅथॉलॉजिस्ट. या लॅबमध्ये त्या खरोखर बसतात, सही आधीच मारलेल्या कागदावर रिपोर्ट छापत नाहीत, हे मुद्दाम लिहितेय. त्यांनी दोन्ही कागदांवर आकड्याच्या पुढची बारीक अक्षरं दाखवली. एकात लिटरमागं मिलिग्रॅम, दुसऱ्यात मिलिलिटरमागं नॅनोग्रॅम. म्हणजे एकानं किलोत सांगितलं, एकानं ग्रॅममध्ये. एवढ्यावर थांबलं असतं तर १.६ म्हणजे १६०० आणि आताचे ६४०, खूपच उतरला असं मी म्हणाले असते. पण पुढं आणखी तीन अक्षरं होती. हॉस्पिटलच्या कागदावर एफईयू, साखळी लॅबच्या कागदावर डीडीयू. मॅडमनी सांगितलं की एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट धरायचा, कारण एकात मूळ फायब्रिनोजेनच्या हिशोबानं वजन धरतात, दुसऱ्यात नुसत्या तुकड्याचं.

"म्हणजे मिरची देठासकट तोलली की देठं काढून?"

मॅडम हसल्या. "तसंच समजा."

म्हणजे देठासकट धरले तर ६४० चे जवळपास १२८०. १६०० वरून १२८०. उतरत होता, सावकाश. रात्रभर रडले ते फुकट गेलं. त्यांनी हेही सांगितलं की डी-डायमर म्हणजे गाठ नव्हे. शरीर गाठीची जाळी कापतं तेव्हा जो कचरा रक्तात पडतो तो हा. रस्त्यावर काचा पडलेल्या दिसल्या तर काहीतरी फुटलंय एवढंच कळतं, कुणाच्या घरची खिडकी ते कळत नाही. ऑपरेशन झालं, बाई गरोदर असली, वय झालं, नुसता न्यूमोनिया झाला तरी तो चढतो. कमी आला तर डॉक्टरांना गाठीची शंका सोडून द्यायला मदत होते, जास्त आला तर पुढची तपासणी लागते. नुसत्या त्या आकड्यावर घाबरायचं नाही, आणि दर आठवड्याला हौसेनं काढायचा तर मुळीच नाही. "आता हा परत करू नका, पैसे वाचवा," असं म्हणणारी लॅब मी दुसरी बघितलेली नाही.

वॉरफरिनचे दिवस म्हणजे घरात तराजू. पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या उलट काम करतं. बंद करायची नाही, पण रोज साधारण सारखी खायची. आता कोल्हापुरात मेथी, शेपू, पालक वाटीनं मोजून वाढायचं म्हणजे घरात भांडणच. एकदा शेजारणीनं वाफ्यातली कोवळी मेथी आणून दिली, ह्यांनी तीन दिवस दोन्ही वेळा भाकरीबरोबर हाणली, आयएनआर २.५ चा १.८. दादांनी आकडा बघून पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लासा?" ह्यांच्या गोळीची गोष्टही त्यांनीच सांगितली. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात सडलेलं गवत खाऊन गुरं रक्त वाहून मरायला लागली, त्याचा शोध घेता घेता हे औषध सापडलं. १९४८ साली बाजारात आलं ते उंदीर मारायला. माणसाला द्यायला लागले ते नंतर. हे ऐकल्यावर आठ दिवस रोज संध्याकाळी गोळी घेताना डायलॉग ठरलेला, "आण, उंदराचं औषध आण."

मग जुलैचा पूर. २०१९ चा बघितलेला असल्यामुळं पंचगंगा चढायला लागली की पोटात गोळा येतोच. आमच्या घरात पाणी येत नाही, पण नळाचं पाणी गेलं, भाजी गायब, शिरोलीजवळ पाणी आल्यामुळं हायवे बंद. पाच-सहा दिवस भात-आमटी, पिठलं, बटाटा. सहाव्या दिवशी सकाळी दात घासताना ह्यांच्या हिरड्यांतून रक्त. थुंकी लालेलाल.

साखळी लॅबला सहज फोन केला, नमुना पुण्याला जातो, गाड्या बंद आहेत, केव्हा जाईल सांगता येत नाही म्हणाले. त्यांची चूक नाही. पण गोठण्याची तपासणी म्हणजे काही साखर नव्हे, नमुना तासांच्या हिशोबात मशिनवर चढायला लागतो. आमची लॅब उघडी होती. दारावर पाटीच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेलं: फक्त तातडीचं. कॅन विकत आणून मशिनचं पाणी भागवत होते, इन्व्हर्टरवर. दादांचं गाव चिखलीकडचं, घरातली माणसं आणि म्हशी वर आणून सोडल्या होत्या, आणि हे इथं सुई घेऊन उभे. आयएनआर ४.६.

आठवडाभर पानाचा तुकडा पोटात नाही, गोळी मात्र रोजची. डॉक्टरांनी फोनवर दोन दिवस गोळी थांबवायला सांगितली, पडायचं नाही, डोकं आपटायचं नाही, शौचाला काळं झालं तर लगेच यायचं. तिसऱ्या दिवशी २.९. त्या दोन्ही वेळा दादांनी मला तासाभरात फोन करून आकडा सांगितला, कागद नंतर. आकडा चारच्या वर गेला की रिपोर्ट छापायच्या आधी फोन, हा मॅडमचा नियम आहे म्हणे.

आता तक्रारी. आहेत, आणि बारीक नाहीत.

जिना. एकोणीस पायऱ्या, मोजल्यात. उंच, अरुंद, एका बाजूला कठडाच नाही. पायात गाठ झालेली माणसं, पोटुशा बायका, म्हाताऱ्या, सगळ्यांनी हा जिना चढायचा. खाली बसवून रक्त घ्या म्हटलं तर घेतात, झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर, पण ते मागून घ्यावं लागतं. स्वतःहून कुणी विचारत नाही.

कौंटरवरची मुलगी. मन लावून काम करते, पण बोलणं तुटक. एकदा ह्यांचं वय ५९ चं ९५ छापलं. मी दाखवलं तर म्हणे, "आकडा तर बरोबर हाय न्हवं?" वय चुकलं तर डी-डायमरचा अर्थ बदलतो बाई! पन्नाशीनंतर वयाप्रमाणं मर्यादा वर धरतात. मॅडमना सांगितल्यावर नवा कागद मिळाला, सॉरी नाही मिळालं.

घरी येत नाहीत म्हटलं तरी चालेल. अगदी अंथरुणावरचा पेशंट असेल तर दादा संध्याकाळी स्वतःच्या गाडीवरून येतात, तेही जवळपास. दुपारी दोन ते चार कडीकुलूप. पार्किंगचं तर नावच काढू नका. आणि पैसे साखळी लॅबपेक्षा पन्नासेक रुपये जास्त. मी एकदा कुरकुर केली तेव्हा दादा म्हणाले, "त्या फेकल्याल्या नळ्या काय फुकट येत्यात व्हय?" त्यावर बोलायला जागा नव्हती.

गेल्या पावसाळ्यात पोरगा डेंग्यूनं पडला. एकोणीस वर्षांचा, घोड्यासारखा, चार दिवस १०३ ताप, डोळ्यांमागं दुखतंय म्हणून रडायचा. पाचव्या दिवशी ताप उतरला, आम्ही हुश्श केलं. त्याच दिवशी दवाखान्याशेजारच्या एका लॅबचा रिपोर्ट: प्लेटलेट १९,०००. दीड लाखाच्या वर हव्यात तिथं एकोणीस हजार. घरात धावाधाव. भाऊजींनी प्लेटलेट द्यायला तालमीतली चार पोरं उभी केली. आत्याबाईंनी पपईचा पाला कुटायला घेतला. कुणी किवी आणली, कुणी ड्रॅगन फ्रूट.

डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही, पोर बोलतंय, एकदा खात्री करू. मी थेट तिकटीला. मॅडमनी मशिनवर न थांबता काचेवर थेंब पसरला आणि मायक्रोस्कोपखाली घातला. मला बोलावून दाखवलं. जांभळे ठिपके, सुटे सुटे कमी, आणि कडेला एकमेकांना बिलगून झालेले पुंजके, ओल्या मसाल्यात गोळे होतात तसे. जांभळ्या नळीतल्या रसायनामुळं काही माणसांच्या प्लेटलेट अशा बिलगतात, आणि मशिन पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. त्यांनी निळ्या नळीत परत रक्त घेतलं. मशिननं दाखवलं ७१,०००. त्याला १.१ नं गुणायचं, कारण सायट्रेटनं रक्त तेवढं पातळ झालेलं असतं. अठ्ठ्याहत्तर हजार.

भाऊजींनी पोरांना परत पाठवलं. पण मॅडमनी लगेच माझा आनंद आवरला. असं पुंजक्यांचं प्रकरण क्वचितच, डेंग्यूत प्लेटलेट खरोखर उतरतात, उद्या याच्याही उतरतील. आणि बघायचं ते नुसत्या प्लेटलेटकडं नाही. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच धोक्याचे, तेव्हा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, मागं रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) चढतो. पोराचा ४१ वरून ४६ वर गेला होता. डॉक्टरांनी तो आकडा ऐकून दोन दिवस सलाइनला ठेवलं. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ५२,००० पर्यंत उतरल्या, तिथून वळल्या. एकही पिशवी लागली नाही. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन घरात दिसलं तर मी फेकून देत होते.

एकाच घरात एका व्हायरसनं बापाचं रक्त गोठवलं आणि दुसऱ्यानं लेकाचं वाहतं करायची भीती घातली. दोघांच्या फायली आता कपाटात एकावर एक आहेत. ह्यांची गोळी डिसेंबर २०२१ लाच थांबली, पाय अजून संध्याकाळी जरा सुजतो, मोजे घालतात. डंक चालू आहे.

जाणार असाल तर एवढं करा. सकाळी साडेसातला पोचा, आठनंतर बाकावर जागा नसते. आयएनआरला उपाशीपोटी यावं लागत नाही, चहा-नाष्टा करून या, पाणी भरपूर पिऊन या, शीर सापडते. आधीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा, दादा विचारतातच. जिना चढवत नसेल तर खालूनच हाक मारा, लाजू नका. आणि गाडी तिकटीलाच लावून चालत या, झेरॉक्सवाला दारात गाडी लावू देत नाही.